मुलांचे छंदवर्ग आणि घराचे वेळापत्रक

जून महिना आला की शाळेच्या नव्या वह्या-पुस्तकांबरोबर आणखी एक चर्चा घराघरांतून सुरू होते. मुलाला कोणता क्लास लावायचा? चित्रकला की कराटे? तबला की ॲबॅकस? त्यात पोहणे, भरतनाट्यम्, बुद्धिबळ, स्केटिंग, हस्ताक्षर सुधारणा आणि इंग्रजी संभाषण यांच्या जाहिराती वसाहतीच्या फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत लागलेल्या असतात. त्या वाचूनच पालक गोंधळतात. शेजारचा मुलगा तीन ठिकाणी जातो, मग आपले मूल मागे तर पडणार नाही ना, ही धास्ती त्यात भर घालते.

ही धास्ती समजण्यासारखी आहे. आपल्यापैकी अनेकांचे बालपण ज्या घरांत गेले, तेथे क्लास हा शब्दच नव्हता. वडील गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत किंवा दुसऱ्याच्या शेतावर कामाला. आई घरकाम उरकून मिळेल त्या मजुरीला. पेटी वाजवायची हौस असली तरी पेटी घरात नव्हती आणि चित्र काढायची आवड असली तरी रंगपेटी पाच भावंडांत एकच असे. अशा घरांतून शिकून, नोकरीला लागून, महिन्याचा पगार हाती आलेली आई-वडिलांची पिढी आपल्या मुलाला सर्व काही मिळावे असे म्हणते, तेव्हा त्यात गैर काहीच नाही. मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी कला आणि क्रीडा आवश्यक आहेत, याबद्दलही दुमत नाही.

परंतु पैशाची सोय झाली म्हणजे वेळेचीही सोय झाली असे होत नाही. पगार वाढतो, दिवस मात्र चोवीस तासांचाच राहतो. मुलाच्या क्लासचा विचार करताना आपण फी विचारतो, शिक्षकांचे नाव विचारतो आणि सोबत कोण येते हेही विचारतो. घरातील कोणाचे किती तास त्यासाठी लागणार, हे मात्र बहुधा कोणी कागदावर मांडत नाही. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढाच आहे की, साधारण चार ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांनी हा हिशेब कसा मांडावा, हे सांगावे. मुलाची झोप, मोकळा खेळ आणि घरच्या माणसांचा सहवास हे तिन्ही प्रथम राखून ठेवावेत आणि उरलेल्या वेळात छंदवर्ग बसवावा, हे त्यामागील सूत्र आहे.

मुलाचे चोवीस तास

सुरुवात झोपेपासून करू. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये मुलांच्या झोपेविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. आपल्याकडे मोठी माणसे उशिरा जेवतात आणि दूरदर्शन संच अथवा मोबाईल रात्री उशिरापर्यंत चालू असतो, त्यामुळे मुलेही जागी राहतात. सकाळची शाळा असली म्हणजे हा तोटा भरून निघत नाही. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असे निर्देश दिले, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. शाळेने दिलेला हा तास आपण रात्रीच्या जागरणात घालवला, तर त्याचा उपयोग शून्य.

झोपेनंतर येते हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल सांगितली आहे. धावणे, लंगडी, दोरीच्या उड्या, सायकल, चेंडू, सर्व काही यात आले. त्यासाठी क्लासच हवा असे नाही.

आता दुसरीत शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचा एक दिवस मांडून पाहू. शाळा ९ ते २ आहे आणि शनिवार-रविवार सुट्टी आहे असे धरू.

झोप १० तास. शाळा ५ तास. शाळेत जाणे-येणे १ तास. आंघोळ, कपडे, नाश्ता, जेवणे मिळून अडीच तास. गृहपाठ अर्धा तास. एकूण १९ तास झाले. उरले ५ तास.

या पाच तासांपैकी शाळेतून आल्यावरची विश्रांती १ तास, मोकळा खेळ दीड तास आणि आई, वडील, आजी, भावंडे यांच्याबरोबर बोलणे, गोष्ट ऐकणे, घरात लुडबुडणे यासाठी दीड तास धरला, तर ४ तास गेले. म्हणजे रोज उरतो तो १ तास. सोमवार ते शुक्रवार मिळून ५ तास. छंदवर्गासाठी आपल्याजवळ एवढीच शिल्लक आहे.

एका तासाचा क्लास दोन तासांचा असतो

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. पाटीवर ‘वेळ ४.३० ते ५.३०’ असे असले तरी मुलासाठी तो क्लास पावणेचारला सुरू होतो. खेळ अर्धवट सोडून घरात यायचे, कपडे बदलायचे, पिशवी भरायची, रिक्षा पाहायची. परतल्यावर पुन्हा हात-पाय धुणे, पाणी, खाणे. म्हणजे एका तासाच्या क्लासला सरासरी दोन तास लागतात.

आठवड्यातून दोन दिवसांचा एक क्लास लावला तर ४ तास खर्च होतात. ते ५ तासांच्या शिलकीत बसतात आणि एक तास हाताशी राहतो. असाच दुसरा क्लास लावला की गरज ८ तासांची होते. तीन तास कमी पडतात. हे तीन तास आभाळातून येत नाहीत. ते रात्रीच्या झोपेतून, संध्याकाळच्या खेळातून किंवा आजीच्या गोष्टीतून कापले जातात. कापले जाताना आवाज होत नाही, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. नऊला झोपणारे मूल साडेनऊला, पुढे दहाला झोपू लागते आणि काही महिन्यांनी ‘आमची रात्री लवकर झोपतच नाही’ अशी तक्रार आपणच करतो.

मोकळ्या खेळाला अनेक पालक ‘टाइमपास’ समजतात. तसे समजू नये. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्कांच्या संहितेतील कलम ३१ मध्ये विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलाचे हक्क म्हणून नोंदले आहेत. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केली. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खेळाच्या महत्त्वावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केले. २००७ च्या अहवालात, घाईगर्दीचे जीवनमान आणि शाळेबाहेरच्या कार्यक्रमांची रेलचेल यांमुळे मुलांचा मोकळा खेळ कमी होत असल्याची चिंता व्यक्त केली होती. चाळीच्या पॅसेजमध्ये चार मुले मिळून खेळाचे नियम ठरवतात, भांडतात, पुन्हा जमवून घेतात. हे शिक्षण कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही, कारण तेथे नियम ठरवणारी मोठी व्यक्ती असते.

घरातील इतरांचे तास

सात वर्षांचे मूल एकटे क्लासला जात नाही. त्याला कोणी तरी नेते, बाहेर थांबते आणि परत आणते. म्हणून मुलाच्या हिशेबाशेजारी घरातील माणसांचा हिशेब मांडला पाहिजे. उदाहरणादाखल एक घर घेऊ.

कुटुंब कल्याणला राहते. आई मुंबईत शासकीय कार्यालयात नोकरीला आहे. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा प्रवास सुमारे ५४ किलोमीटरचा. जलद लोकलनेही एक तासाच्या वर लागतो. ती संध्याकाळी साडेसातच्या सुमारास घरी पोहोचते. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यामुळे तिला शनिवारी सुट्टी असते. वडील कारखान्यात पाळीने काम करतात: एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी, एक आठवडा रात्रपाळी. घरात अडुसष्ट वर्षांची आजी आहे. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. सात वर्षांच्या मुलीला साडेतीन वर्षांचा भाऊ आहे. तो दुपारी तीन ते साडेचार झोपतो.

मुलीसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार कराटे आणि मंगळवार, गुरुवार चित्रकला असे ठरू घातले आहे. दोन्हींची वेळ साडेचार. फी परवडते. आता नेणार कोण?

सकाळपाळी असेल त्या आठवड्यात वडील तीनपर्यंत घरी येतात. ते नेऊ शकतात. दुपारपाळीच्या आठवड्यात ते रात्री दहानंतरच परततात. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपतात. चारला उठवले तर त्यांचीच झोप मोडते आणि रात्री पुन्हा यंत्रावर उभे राहायचे असते. म्हणजे तीन आठवड्यांपैकी दोन आठवडे हे काम आजीवर येते. आजीने तीन जिने उतरायचे, क्लासबाहेर कट्ट्यावर बसायचे, पुन्हा तीन जिने चढायचे, आणि हे आठवड्यातून पाच वेळा. शिवाय लहान भावाला एकटे ठेवता येत नाही, म्हणून त्याला झोपेतून उठवून कडेवर घ्यायचे. क्लास एकीचा, पण रोज बाहेर पडतात तिघे.

याचा परिणाम असा की, रात्री आई घरी येते तेव्हा आजीचे गुडघे दुखत असतात, धाकटा चिडलेला असतो, गृहपाठ राहिलेला असतो आणि स्वयंपाक व्हायचा असतो. त्या घरात कोणी वाईट नाही आणि कोणाची काही चूकही नाही. हिशेब मात्र चुकलेला आहे. पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा नियम असा: क्लास ठरवताना सोयीचा आठवडा धरू नये, सर्वांत अडचणीचा आठवडा धरावा. त्या आठवड्यातही जो क्लास निभेल, तोच वर्षभर निभेल.

या घराने काय करावे? दोनपैकी एकच क्लास निवडावा, आणि कोणता ते मुलीला विचारून निवडावे. तिने चित्रकला म्हटले तर शनिवारी सकाळचा एक दिवस आणि मधल्या वारी एक दिवस पुरेसा आहे. शनिवारी आई-वडिलांपैकी ज्याला जमेल त्याने न्यावे. मधल्या वारी त्याच इमारतीतील किंवा गल्लीतील दोन-तीन पालकांनी पाळीपाळीने मुलांना एकत्र न्यावे. तीन घरे एकत्र आली तर एका घराची पाळी तीन आठवड्यांतून एकदाच येते आणि ती वडिलांच्या सकाळपाळीच्या आठवड्यात धरता येते. आजीला जिने उतरावे लागत नाहीत आणि धाकट्याची झोपही मोडत नाही. आपल्या वसाहतींत भिशी, सहल, लग्नकार्य यांसाठी आपण एकत्र येतो. मुलांना पोहोचवण्यासाठी एकत्र येणे त्याहून अवघड नाही. मात्र ज्यांच्याबरोबर मूल पाठवायचे ती माणसे पूर्ण परिचयाची असावीत आणि मुलाला त्यांच्याबरोबर जायला आवडते की नाही, हे त्याला विचारावे.

छंदासाठी की सांभाळण्यासाठी?

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अनेक घरांत क्लास हा छंदासाठी लावलेला नसतो. आई-वडील दोघेही नोकरीवर, घरात वडीलधारे कोणी नाही, आणि दुपारी दोन ते संध्याकाळी सात हे पाच तास मुलाला सुरक्षित ठिकाणी ठेवायचे असते. त्यामुळे एकामागून एक क्लास लावले जातात. ही गरज खरी आहे आणि तिच्याबद्दल कोणालाही संकोच वाटू नये. परंतु गरज सांभाळण्याची असेल तर तिचा विचार त्याच नावाने करावा. अशा मुलाला चार शिक्षकांकडे फिरवण्यापेक्षा घराजवळचे चांगले पाळणाघर किंवा विश्वासू शेजारीण बरी, जेथे त्याला खाता येईल, आडवे होता येईल आणि मनाला येईल ते खेळता येईल. दिवसभर सूचना ऐकत राहिलेल्या मुलाला संध्याकाळी आई घरी येते तेव्हा तिचीही सूचना नकोशी होते.

मुंबईत चर्नी रोडचे जवाहर बालभवन, पुण्यात गरवारे बालभवन अशा संस्थांनी एकाच आवारात चित्र, हस्तकला, नाट्य, खेळ असे अनेक छंद मुलांसमोर ठेवण्याची पद्धत रूढ केली. मुलाला काय आवडते हे ठरायचे असते त्या वयात ही पद्धत उपयोगी आहे. एकाच ठिकाणी जायचे आणि तेथे वेगवेगळे करून पाहायचे, यात घराचीही धावपळ वाचते. बालभवन जवळ नसेल तर वसाहतीच्या सभागृहात रविवारी सकाळी दोन तास ज्याला जे येते ते त्याने मुलांना शिकवावे. कोणाला कागदाची फुले येतात, कोणाला बुद्धिबळ, कोणाला ढोलकी. यासाठी खर्च नाममात्र आहे.

‘लवकर सुरुवात केली नाही तर?’

पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात न केल्यास मूल कायमचे मागे पडेल, असे अनेकांना वाटते. काही विद्या लहान वयात चांगल्या रुजतात हे खरे आहे. सूर आणि ताल कानावर लवकर पडावेत, पोहायला लवकर शिकावे. पण लवकर शिकणे आणि लवकर जुंपणे यांत फरक आहे.

आपल्याकडील परीक्षांचीच रचना पाहावी. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा मुले साधारणपणे माध्यमिक शाळेत गेल्यावर देतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होऊन प्रवेशिका, मध्यमा करीत विशारदपर्यंत अनेक वर्षे चालतात. दहावीला कला आणि क्रीडेसाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांचा प्रश्नही पुढचा आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यांपैकी कशाचीही घाई नाही.

खेळांच्या बाबतीत अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१६ च्या अहवालात म्हटले आहे की, बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणे साधारण १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावे आणि तोपर्यंत मुलांनी निरनिराळे खेळ खेळावेत. लहानपणी एकाच खेळाचा अतिसराव केल्याने दुखापती आणि कंटाळा वाढतो, असे त्यामागील कारण आहे.

सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण पालक नेहमी देतात. ते नीट पाहिले पाहिजे. १९७३ साली जन्मलेले तेंडुलकर रमाकांत आचरेकर सरांकडे शिकायला गेले ते १९८४ मध्ये, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी. तोपर्यंत ते वांद्र्याच्या साहित्य सहवासात इतर मुलांसारखे खेळत होते. सराव वाढला तेव्हा कुटुंबाने काय केले? शाळा बदलली आणि शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे त्यांची राहण्याची सोय केली, म्हणजे रोजच्या प्रवासात वेळ आणि शक्ती जाणार नाही. मुलाची गरज खरोखर मोठी झाली तेव्हा सगळ्या घराने आपली मांडणी बदलली. ती गरज सातव्या वर्षी गृहीत धरण्याचे कारण नाही.

मुलगा आणि मुलगी

हिशेब बिघडला की तो कोणाच्या वाट्यातून भरून काढला जातो, हेही पाहिले पाहिजे. घरात दोन मुले असतील आणि वेळ किंवा पैसा कमी पडला, तर पुष्कळदा मुलीचा क्लास आधी बंद होतो. त्याहून न दिसणारी गोष्ट म्हणजे, भावाला मैदानावर पोहोचवायचे, त्याची पिशवी भरायची, तो येईपर्यंत धाकट्याला सांभाळायचे, ही कामे आठ-नऊ वर्षांच्या मुलीकडे येतात. तिचा मोकळा वेळ कोणी कापून घेत नाही, तो आपोआपच संपतो. प्रत्येक मुलाच्या नावाने स्वतंत्र रकाना आखला म्हणजे हे दिसते. ज्या घरात मुलगा आणि मुलगी यांच्या खेळण्याच्या तासांची बेरीज सारखी येते, त्या घराने बरेच काही साधले असे समजावे.

आईच्या रकान्याबाबतही असेच आहे. ‘शनिवारी आईला सुट्टी असते, ती नेईल’ असे म्हणणे सोपे आहे. पण तो शनिवार दळण, कपडे, बाजार आणि आठवड्याची राहिलेली झोप यांनी आधीच भरलेला असतो. क्लासला नेण्याचे काम तिच्याकडे आले तर यांपैकी एखादे काम दुसऱ्याने उचलले पाहिजे. नुसते ‘मदत करू’ म्हणून भागत नाही. कोणते काम कोण करणार, हे ठरवावे लागते.

पैशांचा हिशेब

फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. प्रवेश फी, गणवेश, साहित्य, रिक्षाभाडे, परीक्षा फी, स्पर्धेची फी आणि वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख असे निदान सात आकडे असतात. कराटेत प्रत्येक पट्ट्याची परीक्षा असते, नृत्यात पोशाख आणि दागिने लागतात, चित्रकलेत कागद-रंग संपत राहतात. चौकशी करतानाच हे सर्व विचारून घ्यावे आणि वर्षाची बेरीज करून बाराने भागावे. तो आकडा महिन्याच्या खर्चात बसला तरच पुढे जावे. वर्षाची फी एकरकमी भरल्यास सवलत मिळते, परंतु लहान मुलाच्या बाबतीत हा मोह टाळावा. पैसे भरलेले असले की मूल नको म्हणत असतानाही आपण त्याला ओढत नेतो.

क्लास लावताना

वरील सर्व लक्षात घेऊन काही व्यावहारिक गोष्टी सांगता येतील.

१. जूनमध्ये शाळा सुरू झाल्याबरोबर नवा क्लास सुरू करू नये. नवा वर्ग, नवे शिक्षक, पाऊस आणि डबा-दप्तर यांची घडी बसायला महिना-दीड महिना लागतो. त्यानंतर क्लास सुरू करावा.

२. एका वेळी एकच नवा क्लास. त्याची सवय झाल्यावर, शिल्लक तास असतील तरच दुसऱ्याचा विचार.

३. अंतराला महत्त्व द्यावे. चालत जाता येईल असा साधा वर्ग हा दोन रिक्षा बदलून जाण्याच्या नामांकित वर्गापेक्षा या वयात अधिक उपयोगाचा.

४. सुरुवातीला एक-दोन वेळा वर्ग पाहण्याची परवानगी मागावी. शिक्षक चुकलेल्या मुलाशी कसे बोलतात, हे पाहावे. पालकांना आत पाहूच न देणाऱ्या ठिकाणी लहान मुलाला ठेवू नये.

५. आठवड्यातील एक कामाचा दिवस आणि सुट्टीचा निम्मा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. त्या वेळी कोणताही वर्ग, सराव किंवा स्पर्धा धरू नये.

६. दिवसातून एकदा तरी, जितकी माणसे घरी असतील तितक्यांनी एकत्र जेवावे. पाळीच्या नोकरीमुळे रात्री जमत नसेल तर सकाळचा चहा-नाश्ता चालेल.

७. भिंतीवरील दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब लिहितो, त्याच चौकटीत मुलाचा वर्ग आणि नेणाऱ्याचे नाव लिहावे. वडिलांची पाळीही तेथेच लिहावी. कोणाच्या नावाने किती चौकटी भरल्या, हे महिन्याच्या शेवटी सर्वांना दिसते.

८. मुलाशी तीन महिन्यांचा करार करावा. ‘तीन महिने जाऊ, मग तू सांग.’ एक दिवस कंटाळा आला म्हणून लगेच सोडू नये, आणि तीन महिन्यांनंतरही मन लागत नसेल तर ताणू नये.

जास्त होत असल्याची चिन्हे

लहान मूल ‘माझ्यावर ताण आला आहे’ असे म्हणत नाही. ते वागण्यातून सांगते. वर्गाच्या दिवशीच पोट दुखते. रिक्षातच झोप लागते. आवडीचा खेळही नको वाटतो. क्षुल्लक कारणाने रडू येते, नखे कुरतडली जातात, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. वर्गात काय झाले हे विचारल्यावर एका शब्दात उत्तर येते. अशा वेळी मूल नाटक करते असा निष्कर्ष काढू नये. तक्रार शरीराची असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. वर्गात कोणी मारते, चिडवते किंवा नको तसे वागते का, हे शांतपणे विचारावे. नंतर वेळापत्रक काढून बसावे आणि दोन आठवडे एक गोष्ट कमी करून पाहावी.

वर्ग बंद करायचा ठरल्यास तो महिन्याच्या किंवा सत्राच्या शेवटी बंद करावा, शिक्षकांना समक्ष भेटून सांगावे आणि मुलालाही त्यांचा निरोप घ्यायला लावावा. ‘एवढे पैसे फुकट गेले’, ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नयेत. सहा महिने तबला शिकून सोडलेल्या मुलाच्या कानाला ताल ओळखता येतो. ते फुकट गेले असे नाही. पुढे बाराव्या वर्षी ते आपण होऊन पुन्हा तबल्याकडे वळण्याची शक्यता असते. दोषाचे ओझे दिले तर मात्र ते त्या वाद्याजवळही जाणार नाही.

प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये मुलांवरील अभ्यासाच्या ओझ्याविषयीचा आपला अहवाल केंद्र सरकारला सादर केला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजता शिकण्याचे ओझे मोठे आहे, असे त्या समितीचे म्हणणे होते. छंदाच्या बाबतीतही हे लागू पडते. आनंद न होता शिकलेला छंद हा मुलासाठी आणखी एक विषय होतो, फक्त त्याचे पुस्तक नसते.

तेव्हा सुजाण पालकांनी येत्या रविवारी एक कागद घ्यावा. घरात जितकी माणसे आहेत तितके रकाने आखावेत. आजीचा आणि धाकट्याचाही. झोप, शाळा, नोकरी, प्रवास, स्वयंपाक, खेळ हे प्रत्येकाच्या नावाखाली लिहावे. मूल लिहू-वाचू लागले असेल तर त्याला शेजारी बसवून त्याचा रकाना त्यालाच भरू द्यावा. खेळासाठी ते किती तास मागते, हे ऐकण्यासारखे असते. बेरीज चोवीसच्या वर जात असेल तर काय कमी करायचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे. उरलेल्या जागेत एखादा वर्ग बसला तर तो आनंदाने लावावा. या वर्षी नाही बसला, तर पुढील वर्षी पाहावे. सातव्या वर्षी न लावलेला क्लास आठव्या वर्षी लावता येतो. सातव्या वर्षीची संध्याकाळ मात्र त्याच वर्षी मिळते.